हॅज गॉन

फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात मी एसटी काढते.
चाकं गोल येत नाहीत, आठवीचा वर्ग हसतो.
एसटी आली, एवढंच म्हटलं
तर ती कधी आली कोण जाणे,
काल, परवा, तुमच्या बापाच्या लग्नात.
पण एसटी आली आहे म्हटलं
की ती आत्ता फाट्यावर उभी आहे,
इंजिन धडधडतंय,
कंडक्टर खर्रा चोळतोय,
आणि पळालात तर सापडेल.
हा जो 'आहे' आहे ना, तोच इंग्रजीतला हॅज.
लिहून घ्या: पळालात तर सापडेल.

हंसराज नन्नावरे मागून विचारतो,
"आन मॅडम, डायवर जेवाले गेला असंल तं?"
त्याचं उत्तर व्याकरणात नाही.

पुढचा नियम पुस्तकात चौकटीत दिलाय.
काल, गेल्या सोमवारी, जानेवारीत,
अशी ठरलेली वेळ वाक्यात आली
की हॅज उठतो,
पाहुणा आल्यावर खाट सोडणाऱ्या
घरच्या माणसासारखा,
आणि वेंट, केम, एट
पाय पसरून बसतात.

पाच वाक्यं लिहा म्हटलं.
सत्तावीस वह्यांत सत्तावीस जणांनी भात खाल्ला आहे.
करिश्मा दडमलच्या वहीत एकच वाक्य:
माय मदर हॅज गॉन टू तेलंगणा इन जानेवारी.

लाल पेनानं मी वर वेंट लिहिलं.
मधल्या सुट्टीत ती टेबलापाशी आली.
"वेंट म्हंजे सरलं ना, मॅडम?"
हो, सरलं.
"पन ते तं आलीच नाही अजून."

मग जानेवारी खोड, मी म्हटलं.
एकतर तारीख ठेव, नाहीतर हॅज.
दोन्ही नाही मिळत.

तिला तारीख पाठ होती.
रात्री दोन वाजता चौकात टेम्पो लागलेला,
बावीस बाया, तांदळाची पोती, एक गंज,
कोणाचं तरी तान्हं दुपट्यात,
आणि मिरचीच्या शेतांकडे जाणाऱ्या रस्त्याला
टेम्पोचा एकच दिवा.
तिनं पट्टी घेतली
आणि जानेवारीवरून सरळ रेघ मारली.

पुण्यातल्या प्रशिक्षणात एकदा
'मी तयारी करून राहिली' असं म्हणून गेले
आणि अख्खा हॉल हसला होता.
तेव्हापासून मी तयारी करते,
करत आहे, करत असते,
फक्त करून राहत नाही.

आणि इथे पुढच्याच आठवड्यात
हॅज बीनशी झटापट चाललेली,
पुस्तकातलं मराठी घशात अडकणारं,
करत आलेली आहे, करत आलेली आहे.
सहज विचारलं, करिश्मा, आई किती दिवसांपासून मिरची तोडते?
"दीड महिना झाला मॅडम, तोडून रायली."

खडू हातात तसाच राहिला.
तोडून रायली.
सुरू झालं, थांबलं नाही, आत्ताही चालू,
दोन शब्दांत सगळं.
फॉर आणि सिन्सचा फरक
त्या दिवशी शिकवायचा राहून गेला.

होळीच्या दोन दिवस आधी
वर्गाच्या दारात एक बाई उभी राहिली,
चपला बाहेर काढून,
चेहरा उन्हानं करपलेला,
नाकाशी झोंबणारा वास.
"पोरगी शिकून रायली का, बाई?"

"शिकून रायली," मी म्हटलं.
तेरा वर्षांनी.

करिश्माची वही मी उघडून पुढे धरली.
वाक्य आता चुकलेलं होतं.
गॉनच्या जागी बीन हवं, जाऊन आली आहे.
करिश्माला ते माझ्याआधी कळलं,
ती दप्तरात रबर शोधत होती.
पेनानं लिहिलेलं, तरी शोधत होती.

आईनं वहीकडे पाहिलं, वाकून पाहिलं,
आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.
"नाही लावत," ती म्हणाली.
"हात तिखट हायेत अजून."